बॅगेवर बसलेली आई

तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. कारण विचारायची गरज नव्हती, तिला पाच मिनिटं बघितलं की कळायचं. सकाळी कॉलेज, दुपारी बाबांच्या चष्म्याच्या दुकानात काउंटर, संध्याकाळी शेजारच्या दोन जुळ्यांची शिकवणी, आणि या सगळ्याच्या फटीत जेवण. आत्या म्हणायची, "ही पोरगी घास गिळते तोही जिना उतरता उतरता."

एवढं असून वर्गात कुणाचं निरोपाचं भाषण असो, कुणाचा माफीचा अर्ज असो, लिहायला सगळे हिलाच धरत. हीही बोलता बोलता लिहून द्यायची. त्यामुळे स्पर्धेसाठी कॉलेजच्या नाटकाचं ठरलं तेव्हा कप्तानानं कुणाला विचारलंसुद्धा नाही. कप्तान म्हणजे तिच्या वर्गातला एक मुलगा. खेळ, सहल, मोर्चा, काहीही असलं की तो आपणहून पुढारी व्हायचा, म्हणून ते नाव. त्यानं जाहीर केलं, "नाटक भिंगरी लिहिणार, मी बसवणार."

पहिला अर्धा भाग तिनं झपाट्यानं लिहिला. गोष्ट साधी होती. मुलाला दूरच्या शहरात नोकरी लागलीय आणि ते आईला सांगायचा त्याला धीर होत नाही. आईला सगळं कळलंय, पण ती कळू देत नाही. दोघं भाजी, गळका नळ, शेजारणीची मांजर असल्या विषयांवर बोलत राहतात. वाचनाच्या वेळी सगळे खो खो हसले. अर्ध्यावर मुलगा बॅग घेऊन बाहेर येतो, आई दारात उभी असते, तो म्हणतो, "आई, मी निघतो."

आणि तिथं जे घोडं अडलं ते अडलंच.

आईनं काय म्हणावं? भिंगरीनं तिला लांबलचक भाषण दिलं, मी तुझ्यासाठी काय काय केलं वगैरे. दुसऱ्या दिवशी वाचलं तर तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. मग तिनं आईला रडवलं. मग आईला एकदम शूर केलं, "जा बाळा, मोठा हो." ते वाचून आत्या म्हणाली, "ही बाई निवडणुकीला उभी आहे का?" कागद केराच्या टोपलीत गेला.

मग सुरू झाली टाळाटाळ. ती लिहायला बसली की कपाट आवरायची. कधी नव्हे ते अर्थशास्त्र वाचायची. मैत्रिणी म्हणाल्या, पहाटे ऊठ. ती उठली, आणि टेबलावर डोकं ठेवून झोपली. बाबांना वाटलं कागदाकडे बघत बसते म्हणजे नजरेचीच काहीतरी भानगड. त्यांनी तिला खुर्चीत बसवून डोळे तपासले.

"नजर उत्तम आहे," ते जरा हिरमुसून म्हणाले.

कप्तान रोज गाठायचा. "पुढचं झालं?"

"डोक्यात आहे."

"कागदावर कधी येणार?"

"वाटेत आहे."

खरं म्हणजे डोक्यातही काही नव्हतं, आणि याचीच तिला धास्ती होती. इतकी वर्षं दुसऱ्यांचं भराभरा लिहून दिलं, पण आपलं स्वतःचं म्हणून काही आत आहे की नाही, अशी शंका तिला यायला लागली होती. हे ती कुणाला बोलली नाही. उलट जास्तच धावपळ करू लागली. धावणाऱ्या माणसाला थांबवून कुणी फार खोलात विचारत नाही.

अशात आईचं काम करणाऱ्या मुलीला गालगुंड झालं. तिनं फोनवर जे सांगितलं त्यातलं निम्मं कळलंच नाही, पण ती येणार नाही एवढं कळलं. तालमीला कॉलेजची टेबल टेनिसची खोली मिळाली होती आणि ती सोडायची कप्तानाची तयारी नव्हती.

"तू उभी राहा," तो भिंगरीला म्हणाला.

"मला अभिनय येत नाही."

"अभिनय नको, नुसती उभी राहा. बांबूला समोर कुणीतरी पाहिजे."

बांबू म्हणजे मुलाचं काम करणारा. त्याची उंची बघता दुसरं नाव सुचलंच नसतं. त्यानं तालमीसाठी घरून खरीखुरी बॅग आणली होती, आणि ती नुसती हलकी वाटू नये म्हणून आत आपले कपडेही कोंबले होते.

भिंगरी उभी राहिली. सगळी वाक्यं तिचीच, त्यामुळे पाठ होती. नळ झाला, मांजर झाली. बांबू आत जाऊन बॅग घेऊन आला. "आई, मी निघतो."

तिथं कागद संपला.

"बोल काहीतरी," कप्तान म्हणाला.

"लिहिलंच नाहीये."

"मग लिहिणारी कोण आहे? तिथंच उभी आहेस ना?"

भिंगरीला एक शब्द सुचेना. सुचत होतं ते एवढंच की पाय भयंकर दुखताहेत. ती सकाळपासून उभी होती. आणि मग तिच्या लक्षात आलं की या नाटकात आईला तिनं कुठंच बसवलेलं नाही. पडदा उघडल्यापासून बिचारी उभीच. खोलीत खुर्ची नव्हती. भिंगरी दोन पावलं पुढे आली आणि सरळ बांबूच्या बॅगेवर बसली.

बांबू गोंधळला, पण नट मुरलेला होता. "आई, ऊठ."

"बसू दे जरा. सकाळपासून उभी आहे."

"आत माझे कपडे आहेत."

"मग इस्त्री होतील."

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आई, गाडी चुकेल माझी."

"कुठली गाडी?" भिंगरी म्हणाली. वाक्य तिच्या तोंडून आपोआप आलं. "तू मला सांगितलंस कधी?"

आता कुणी हसलं नाही. बांबूनं खाली बघितलं. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग तो तिच्याशेजारी जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला, आणि त्याची ती एवढी थोरली उंची एकाएकी लहान पोराएवढी झाली.

"तालीम संपली," भिंगरी म्हणाली आणि पिशवी उचलून पळाली.

ती थेट दुकानात आली आणि काउंटरवरच लिहायला लागली. एक गिऱ्हाईक आलं. "लांबचं दिसत नाही हो," ते म्हणालं.

"जवळ या," ती मान वर न करता म्हणाली.

बाबांनी आतून डोकावलं, तिच्या हाताचा वेग बघितला आणि गिऱ्हाइकाला गुपचूप आपल्याकडे वळवलं. दुकान बंद करायची वेळ झाली तरी त्यांनी तिला हाक मारली नाही. अर्धं शटर ओढून चष्म्यांच्या चौकटी पुसत बसले.

लिहिलेलं सगळंच काही चांगलं नव्हतं. पुढच्या तालमींत बरंच उडालं, आत्यानंही एक पान कापलं. पण आता खोडायला काहीतरी होतं.

प्रयोगाच्या दिवशी आईचं काम गालगुंडवाल्या मुलीनंच केलं, गाल पूर्ववत झाले होते. भिंगरी विंगेत उभी होती. बांबू बॅग घेऊन आला, "आई, मी निघतो" म्हणाला, आणि ती मुलगी लगेच बसली नाही. नुसती बॅगेकडे बघत राहिली. पुढे काय होणार हे स्वतः लिहिलेलं असूनही भिंगरीनं पडद्याची कड घट्ट धरली. आई बॅगेवर बसली तेव्हा आधी हशा आला, आणि "तू मला सांगितलंस कधी?" नंतर सगळा हॉल गप्प झाला.

नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस घ्यायला अर्थातच कप्तान गेला. त्याच आठवड्यात अर्थशास्त्राचा पेपर होता. तो कसा गेला ते भिंगरीनं घरी जिना उतरता उतरता सांगितलं, आणि कुणी पुरतं ऐकायच्या आत रस्त्याला लागली.