मामांना सापडलेली सम

गिरगावातल्या एका शाळेच्या सभागृहात जपानी वादकाच्या बासरीचा कार्यक्रम होता. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, नाक्यावर सकाळपासून पोलिसांच्या गाड्या उभ्या. पण माझे मामा कुणाचं ऐकणारे नव्हते. कुठलीही मैफल असो, पुढच्या रांगेत बसून ते मांडीवर ताल धरायचे आणि समेला अशी थाप मारायचे की गवयानंच दचकावं. मला त्याची भयंकर लाज वाटायची.

बांबूच्या बनात पडणारा बर्फ, अशी त्या नव्या रचनेची ओळख कुणीतरी करून दिली. वादक एकच सूर लांबवायचा, सोडायचा, आणि मग इतका वेळ गप्प राहायचा की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. ताल नव्हताच. मामांचा हात मांडीच्या वीतभर वर अधांतरी राहिला. "अरे, सम कुठेय याची?" ते माझ्या कानाशी कुजबुजले.

अशाच एका शांततेत बाहेरून एक कोरडा ठोका ऐकू आला. मामांचा हात धपकन मांडीवर पडला. "वा!" ते मोठ्यानं म्हणाले. मागच्या रांगांतूनही दोन-चार 'वा' उठले. मी ओशाळून वादकाकडे पाहिलं.

त्यानं बासरी खाली ठेवली होती आणि तो खिडक्यांकडे बघत होता. मग पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं त्यानं आम्हाला हातानं खूण केली, खाली वाका. त्यानं युद्ध पाहिलेलं असणार. आमच्याच रस्त्यावर गोळी सुटली होती, आणि आम्ही तिला दाद दिली होती.