टेम्पोतून आलेली गावदेवी

मी मस्कतला निघालो तेव्हा अण्णा एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आले होते. ते हायस्कुलात इतिहास शिकवायचे, त्यामुळे पोटच्या पोराला निरोप देतानाही त्यांना ग्रीकच आठवले. "जा बाबा. सिकंदराच्या मागून निम्मा ग्रीस असाच पोटासाठी निघाला होता," ते म्हणाले. आई डोळे पुसत होती आणि मला मात्र हसू आवरत नव्हतं. व्हिसा खिशात होता, आता फक्त जग जिंकायचं बाकी होतं!

गावात तेव्हा दोन वाड्यांचं जुंपलेलं होतं. शिमग्याला गावदेवीची पालखी आधी वरच्या वाडीत जायची की खालच्या, यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि देवळाला कुलूप लागलं. अथेन्स आणि स्पार्टा असेच आपसात भांडून खंगले, असं अण्णा वर्गात सांगायचे तेव्हा पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारायची. पुढे भांडण मिटलं. मिटलं म्हणजे काय, भांडणारे तरुणच मुंबईला नि आखातात निघून गेले.

आम्ही मस्कतच्या वादी अदाई भागात राहतो. शिमगा इथेही करतो, पंचांगात काहीही असो, शुक्रवारीच, कारण सुट्टी तेव्हा. रत्नागिरीच्या उस्मानभाईंनी लहानपणी पाहिलेली पालखी आठवून आठवून आम्हाला प्लायवुडची पालखी करून दिली. ते इथे सुतारकामाला आहेत. अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कामाला "इन्शाल्ला उद्या" म्हणत आधी आमची पालखी पुरी केली. भाड्याच्या एसी हॉलमध्ये आम्ही ती नाचवतो. कार्पेट खराब होतं म्हणून गुलाल बंद, बाकी ढोलताशा आहे, शेवटी बुफे आहे. वरची वाडी, खालची वाडी, सोहारच्या फॅक्टरीतली मुलं, सगळे एका दांडीखाली. खांदा द्यायला एवढी झुंबड की मला ओरडून टर्न लावावे लागतात, "यल्ला, नेक्स्ट!"

अण्णा शिकवायचे, ग्रीक जिथे गेले तिथे त्यांनी आपली देवळं आणि नाट्यगृहं उभारली, बाजारात मोडकीतोडकी का होईना आपली भाषा चालवली, आणि इकडे त्यांची मूळ गावं ओस पडत गेली. मला त्यातला पहिला भागच लक्षात राहिला. गेल्या वर्षी तर मी हॉलमध्ये माइक धरून भाषण ठोकलं, की गावात विझत चाललंय ते आपण इथे पेटतं ठेवलंय. टाळ्या पडल्या. आज ते भाषण आठवलं की कानशिलं तापतात.

यंदा आमची पालखी रंगात आलेली असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन अंगणाकडे धरला होता. गावदेवीची पालखी आमच्या दारात आली होती, टेम्पोतून. हौद्यात गादी घालून दोरीने बांधलेली. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, हलू नयेत म्हणून पुजारी ती हातांनी धरून बसलेला. घरोघरी न्यायला खांदेच उरले नाहीत गावात. चार म्हातारे ती खाली उतरवायला धडपडत होते आणि त्यांतले एक माझे अण्णा होते. माझ्यामागे हॉलभर तरणे खांदे टर्नची वाट बघत उभे होते. ते घरच्यांना दिसू नयेत म्हणून मी घाईघाईने भिंतीकडे पाठ केली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

धापा टाकत अण्णा फोनवर आले. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की येतो."

"बघ, जमलं तर," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अरे, ग्रीक कुठे कुठे गेले ते मी जन्मभर शिकवलं. मागे राहिलेल्यांचा धडा पुस्तकात नव्हताच."

तेवढ्यात माझी मुलगी ईशा फोनमध्ये डोकावली. तिचा जन्म इथला, शिमगा तिने हॉलमध्येच पाहिलेला. "आजोबा, तुमच्याकडे पण आमच्यासारखी पालखी आहे? सो क्यूट!"

अण्णा हसले. "हो गं बाय. तुमच्यासारखीच. जरा जुनी आहे, एवढंच."

लेकी बोले सुने लागे. ईशाला खरं काय ते न सांगताच मी फोन ठेवला.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं छाती काढून गावाचं नाव सांगत आलो. जिथे माझ्या देवीला माझा खांदा मिळत नाही, ते गाव माझं आहे, हे आता कुठल्या तोंडाने सांगू?