पडून लागले

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गुणवंतराव कंपाउंडर आंघोळ उरकून जुनी धोतरं फाडायला बसत. चार-चार बोटं रुंदीच्या पट्ट्या काढायच्या, उकळत्या पाण्यातून काढून वाळत घालायच्या आणि ऊन चढायच्या आत दवाखान्यात जाऊन बसायचं, हा त्यांचा नेम. ते डावखुरे होते. त्यांनी बांधलेल्या पट्टीची गाठ उलट्या अंगाला येई, त्यामुळे कोणतं डोकं त्यांच्या हातून गेलंय हे पांढुर्ण्यात लांबूनही ओळखू येत असे.

त्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडचा काठ पांढुर्ण्याचा, पलीकडचा सावरगावचा. पांढुर्णेकरांनी झाड तोडून आणायचं, सावरगावकरांनी आणू द्यायचं नाही, आणि हे सगळं दिवसभर एकमेकांना गोटे मारून ठरवायचं. संध्याकाळी झाड चंडीच्या देवळात पोचलं की संपलं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं डोक्याला पट्ट्या बांधून एकमेकांकडे जेवायला जातात, कारण अर्ध्या सावरगावच्या बायका पांढुर्ण्याच्या आणि अर्ध्या पांढुर्ण्याच्या सावरगावच्या. कोणी फिर्याद करत नाही. गोटा कोणाचा होता हे विचारणं म्हणजे अगदी हलकट माणसाचं लक्षण समजतात.

दवाखान्याच्या रजिस्टरात मात्र दुखापतीच्या कारणाचा रकाना होता. गुणवंतराव त्यात सगळ्यांपुढे एकच लिहीत: पडून लागले. शंभरावर माणसं एकाच दिवशी, एकाच नदीत पडलेली. बाहेरून नवीन आलेल्या एका डॉक्टरांनी ते रजिस्टर वाचून, इथे एवढं शेवाळ आहे का, असं विचारलं होतं म्हणे. गुणवंतरावांनी हो म्हणून सांगितलं.

मी त्रेपन्न साली मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून सौंसरहून पांढुर्ण्याला आले आणि त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. मी त्यांना काकाजी म्हणे. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई, त्या काकू. काकाजी मूळ सावरगावचे, काकू पांढुर्ण्याच्या. मूलबाळ नव्हतं. घरात बोलणं कमीच. काकू ताट वाढून समोर बसत, काकाजी मान खाली घालून जेवत, आणि मला वाटे की जुन्या जोडप्यांचं असंच असावं.

दोनेक वर्षांनी एका रविवारी काकाजी माझ्या दाराशी कागदांचं बाड घेऊन उभे राहिले. कापसाच्या गुंडाळीवर जो जाड निळा कागद येतो ना, त्याच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं. ते म्हणाले, कादंबरी आहे, नागपूरच्या एका छापखानेवाल्याला पाठवायची आहे, पण माझं अक्षर मलाच वाचता येत नाही. माझं अक्षर फळ्यावर पाहून त्यांनी मला गाठलं होतं. मी हसू दाबलं. पन्नाशीला आलेला कंपाउंडर आणि पहिली कादंबरी! त्यांना ते दिसलं असणार, पण ते उभेच राहिले.

कादंबरीचं नावही ‘पडून लागले’च होतं. गोष्ट अशी: नदीकाठच्या एका गावात फार प्रामाणिक कंपाउंडर येतो. रजिस्टरात खोटं लिहिणं त्याला पटत नाही. तो प्रत्येक जखमीला गोटा कोणाचा ते विचारतो आणि नाव लिहून ठेवतो. लोक आधी गंमत म्हणून रजिस्टर बघायला येतात, मग रांग लावून येतात, मग रांगेतच जुंपते. त्या वर्षी संध्याकाळ होते, झाड देवळात पोचतं, तरी गोटमार थांबत नाही. ती तीन वर्षं चालते. दोन्ही काठांची दोन सरकारं होतात. माहेरी जायला बायकांना परवाना लागतो. कापूस वेचायला आणि संत्र्याच्या तोडीला युद्ध बंद असतं, कारण शेतं दोघांचीही खोळंबतात. पुढे नदीतले गोटेच संपतात. तेव्हा दोन्ही सरकारं तिगावच्या स्टेशनमास्तरकडे रुळांखालच्या खडीची मागणी करतात, आणि तो बापडा नियमाला धरून दोन्ही काठांना मालगाडीच्या खडीभरल्या वाघिणी समसमान वाटून देतो. मेलेल्यांची यादी दर सोमवारी वाचली जाते. यादीत आपलं नाव नाही म्हणून एक म्हातारा तक्रार घेऊन येतो. मी नक्कल करताना खो खो हसे, आणि ओळ संपली की आपण कशाला हसलो ते आठवून गप्प होई.

हे कुठून सुचलं, असं मी एकदा विचारलं. काकाजी म्हणाले की फाळणीच्या वेळी निर्वासितांची एक गाडी नागपूरकडे जाताना इथे थांबली होती आणि त्यांना मलमपट्टीसाठी स्टेशनवर पाठवलं होतं. डोकं फुटलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सवयीने, कसं लागलं, असं विचारलं. तो म्हणाला, गिर गया था. काकाजींनी पट्टी बांधली आणि घरी येऊन निळा कागद काढला.

“बाई, गोटा कोनाचा ते इचारू नये,” ते नेहमी म्हणत, “डोकं कोनाचं तेवढं पाहावं.” हे त्यांचं ब्रीदवाक्यच होतं. पण कादंबरी नेमकी उलटीकडून लिहिली होती, आणि का, ते मला शेवटच्या प्रकरणाला कळलं.

शेवटी तो कंपाउंडर रजिस्टरात स्वतःचं नाव लिहितो. त्याच्या बायकोचा भाऊ पहिल्याच वर्षी मेलेला असतो, आणि त्याला लागलेला गोटा कंपाउंडरचाच असतो. तो बायकोपुढे जाऊन ते कबूल करतो. ती नदीवर जाते, उरलेला एकुलता एक गोटा उचलून आणते आणि सगळ्या गावादेखत त्याला मारते. तिथे युद्ध संपतं, कादंबरीही.

मी वाचून काकाजींकडे पाहिलं. त्यांनी काही लपवलं नाही. काकूंचा धाकटा भाऊ केशव वीसेक वर्षांपूर्वी गोटमारीत गेला होता. त्या दिवशी काकाजी, तेव्हा नवे कंपाउंडर, अर्ध्या तासासाठी दवाखान्यातून निसटून सावरगावच्या काठावर गेले. लहानपणापासूनची खोड. त्यांनी एकच गोटा फेकला, झाडाजवळ पोचलेला केशव खाली बसलेला पाहिला आणि पळत परत आले. थोड्या वेळाने लोकांनी केशवला त्यांच्याच टेबलावर आणून ठेवलं. पट्टी त्यांनीच बांधली, रकाना त्यांनीच भरला. केशव तिसऱ्या दिवशी गेला.

“तिले सांगाची हिंमत नाही झाली. छापलेलं राहिलं तं तू वाचून दाखवशील,” ते म्हणाले. काकूंना वाचता येत नव्हतं. आता मला कळलं की ही सारी खटपट एकाच वाचकासाठी होती. मी ते काम पत्करलं.

सरकारी नोकराला पुस्तक छापायला खात्याची परवानगी लागते. अर्ज नागपूरला गेला आणि तिकडेच पडून होता, तोवर नोव्हेंबर छपन्न उजाडला. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, कागदपत्रं भोपाळला गेली. लोक महिनोन्‌महिने तावातावाने वाद घालत होते. काकाजी एवढंच म्हणाले, “नदी जागच्या जागीच हाय. काठच इकडचे तिकडे करून राहिले.” मग वरून पत्र आलं की मराठी वाचणारा कोणी नाही, हिंदीत सारांश पाठवा.

सारांश मी लिहिला, आणि सगळा घोटाळा माझाच. मी हिंदी शिकले होते शाळेत येणाऱ्या सरकारी परिपत्रकांतून. दुसरी हिंदी मला येतच नव्हती. त्यामुळे सविनय निवेदनापासून सुरुवात करून मी गावाची जागा, दोन्ही पक्ष, लढाईची मुदत आणि मृतांची संख्या मुद्देसूद मांडली आणि खाली काकाजींची सही घेतली. कादंबरी हा शब्द अर्जात होता. अर्ज वेगळ्या टेबलावर गेला असावा. भोपाळच्या कुठल्याशा टेबलावर त्यांना फक्त एवढंच दिसलं की एका जबाबदार कंपाउंडरने नदीकाठी तीन वर्षं चाललेल्या युद्धाची खबर दिली आहे, आणि तीही उशिरा.

चौकशीला एक अंमलदार आले, या भागात नवीन बदलून आलेले. दवाखान्याच्या पडवीत टेबल मांडलं. कादंबरी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगितल्यावर ते जरा ओशाळले, पण आलेच आहोत तर म्हणून त्यांनी जुनी रजिस्टरं मागवली. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा बदलला. इतकी माणसं पडतात, त्यातलं कोणी मेलं का, असं त्यांनी विचारलं. पडवीबाहेर दोन्ही काठांची माणसं जमली होती.

काकाजी उठले. मागच्या कपाटातून वीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढून त्यांनी ते टेबलावर उघडलं आणि केशवच्या नावावर बोट ठेवलं. हा माझा मेहुणा, म्हणाले. मला कळलं की पुस्तकाची वाट न पाहता ते आता इथेच बोलणार. काकू त्यांचा जेवणाचा डबा घेऊन दारातच उभ्या होत्या.

“इसे पत्थर किसने मारा?” अंमलदारांनी विचारलं.

काकाजींनी श्वास घेतला, आणि दारातून काकूंचा आवाज आला.

“पडून लागलं तेले. मी बहीन हाव तेची. मी पाह्यलं.”

अंमलदारांनी ते लिहून घेतलं. काकाजी खाली बसले. काकूंनी डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, पोळ्या गार होतील म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुढे त्या चौकशीचा अहवाल आला, त्यात नदीच्या घाटाच्या पायऱ्या निसरड्या असून त्या दुरुस्त कराव्यात अशी शिफारस होती. दोन पायऱ्या खरोखरच नव्या बसल्या. कादंबरीच्या परवानगीबद्दल एक अक्षर नव्हतं.

चौकशीच्याच दुपारी काकाजींनी सगळे निळे कागद आणि माझी सुवाच्य प्रत एका फडक्यात बांधून माझ्या हवाली केली. बिचारीला खरंच वाटतं तो पडला, ते म्हणाले. एवढ्या लोकांदेखत तिने सांगितलं, आता तिला खोटं कसं पाडू? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतर तासाभरात काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या डाळ निवडत होत्या, मान वर केली नाही.

“मी नदीकडच्या गच्चीवर उभी होती. सावरगावच्या काठावर डाव्या हातानं फेकणारा एकच होता,” त्या म्हणाल्या. “तेनं तोंडानं सांगतलं असतं तं मले भाऊबंद तरी सोडा लागले असते, नाही तं तो तरी. तेले नको सांगू पोरी.”

म्हणजे मी दोघांचंही ओझं घेऊन त्याच घरात पुढच्या खोलीत राहत होते. काकाजी आणखी चार वर्षं जगले. दर पोळ्याला धोतरं फाडली, दर वर्षी तोच रकाना तसाच भरला. मी एक वाक्य बोलले असते तर त्यांच्या छातीवरचा दगड उतरला असता. मी बोलले नाही. काकूंना शब्द दिला होता हे खरं, पण ते एकच कारण नव्हतं. तोवर मीही त्या गावची झाले होते, विचारायचं नाही आणि सांगायचं नाही हे अंगवळणी पडलं होतं. याचं मला फार दुःख व्हायला हवं. खरं सांगते, होत नाही. फार वेळ अंगाखाली राहिलेल्या हाताला चिमटा काढावा तसं होतं. कळतं, पण लागत नाही.

काकाजी झोपेतच गेले. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर काकू माझ्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि, ते काढ, म्हणाल्या. मी फडकं सोडलं. तीन दुपारी वाचलं. खडीच्या वाघिणींना त्या हसल्या, यादीवाल्या म्हाताऱ्याला तर पदर तोंडाला लावून हसल्या. तिसऱ्या दुपारी शेवटचं प्रकरण आलं. मी थांबले. त्यांनी वाच म्हणून हाताने खूण केली.

मी वाचलं. बायको नदीवर जाते, उरलेला गोटा उचलते, गावादेखत मारते. संपलं.

काकूंनी त्या पानावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, “चोवीस वर्सं मी तेले रोज समोर बसून जेवू घातलं. याहून मोठा गोटा कोनता मारू?”

मी प्रत मिटली. त्यांनी फडकं ओढून घेतलं, कागद नीट बांधले आणि गाठ मारली. गाठ काकाजींच्या पट्टीसारखी उलट्या अंगाला आली होती. त्यांनी ती तशीच राहू दिली आणि चहा टाकायला उठल्या.