फ्यूजच्या जागेवरची तार

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला डायलिसिस सेंटरच्या बाकावर बसलो होतो. आत त्याची थोरली बहीण, म्हणजे माझी बायको सुलभा, मशीनला जोडलेली होती. फोन त्याच्या दुकानाशेजारच्या पंक्चरवाल्याचा. "सर, दिगंबरभाऊ गेले. जेवता जेवता गेले हो..." मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला रडू आलं नाही. मनात आलं, आता ती तार कोण काढणार? बाहेर आमची वीस वर्षांची गाडी उभी होती आणि तिच्यात फ्यूजच्या जागी तांब्याची तार होती. ती दिगंबरनं दोनच दिवसांपूर्वी टाकली होती आणि रविवारी येऊन काढणार होता. डायलिसिस संपायला दोन तास होते. तोवर मी कुणाला काही सांगितलं नाही. मग सुलभाला "दिगूला बरं नाही" एवढंच म्हणून त्याच्या घराकडे गाडी वळवली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी रस्त्याकडे.

दिगंबर गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. पत्र्याचं दुकान, आत दोन बाकडी, भिंतीवर वायरींची भेंडोळी. मी लोह्याचा निवृत्त मास्तर, आणि आमची गाडी चालत राहिली ती केवळ या मेहुण्याच्या जिवावर. गाडी बंद पडली की तो बॉनेट उघडायच्या आधी डॉक्टरसारखा बसवून विचारायचा. "बंद पडायच्या आदी काय झालं, दाजी? खड्डा गेला? हॉर्न वाजवला? आक्का काय बोलून राहिली होती?" मी चिडून म्हणायचो, "तुझ्या आक्काचं बोलणं वायरीतून जातं का रे?" तर म्हणायचा, "जातंय की! तुमी तिच्याकडं वळले, अन् सीटखालची वायर दबली." त्याचं एक ठरलेलं होतं. फ्यूज का उडाला ते कळल्याशिवाय नवा टाकायचा नाही. आणि फ्यूज काढून थेट तार जोडायची, ज्याला सगळा बाजार 'डायरेक्ट करणं' म्हणतो, ते तर त्याच्या दुकानात बंदच. कितीही मोठं गिऱ्हाईक असो, हात जोडून परत पाठवायचा. "फ्यूज जळला म्हंजे त्येनं तुमाला वाचवलं," तो सांगायचा. "तार टाकल्यावर जळायला गाडीच राहती."

मी जात्याच भित्रा माणूस. सुलभाचं डायलिसिस सुरू झाल्यापासून तर गाडीला साधी शिंक आली तरी मी दिगंबरला फोन लावायचो. एका दसऱ्यानंतर हॉर्न आपोआप वाजायला लागला, वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागले. दिगंबर दीड दिवस शोधत होता. शेवटी फ्यूजच्या डब्यात हिरवा थर सापडला. "दाजी, नारळ बॉनेटवर फोडता का?" मी म्हटलं, "दरवर्षी. दोन फोडतो." "दोन कामून?" "एक गाडीचा... एक तुझ्या आक्काचा." काचेखालच्या जाळीतून ते पाणी नेमकं डब्यावर उतरत होतं. आता हा वर्षभर चिडवणार, असं वाटलं. पण तो एकेक फ्यूज घासत राहिला. निघताना एवढंच म्हणाला, "टायरपुढं फोडत जा. देव तिथंबी येतो."

आणि अशा माणसाला मी तार टाकायला लावली! त्या बुधवारी लोह्याहून येताना गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली. सुलभाचे पाय सुजलेले, धाप लागलेली, सेंटरची वेळ टळत चाललेली. दिगंबर मोटारसायकलवर आला. टाकलेले दोन फ्यूज लागोपाठ उडाले. एक सोललेली वायर सापडली, तिला त्यानं टेप गुंडाळली. तिसरा फ्यूज जरा टिकला आणि तोही गेला. तो म्हणाला, "अजून कुठंतरी वायर पत्र्याला लागून राहिलीय. मी जीप थांबवतो, आक्काला तिच्यात बसवू." मी भर रस्त्यात त्याच्यावर ओरडलो. "परक्या गाडीत तिला काही झालं म्हणजे? डायरेक्ट कर! तुझी बहीण आहे ना ती?" त्याचं तोंड उतरलं. पाठमोरा वाकून त्यानं काय केलं ते मी बघितलंही नाही. गाडी सुरू झाली. दुपारी तो नवा फ्यूज घेऊन सेंटरवर आला, तर मीच त्याला अडवलं. परत वाटेत बंद पडली तर? राहू दे रविवारपर्यंत. "हळू चालवा मग," एवढं बोलून तो गेला. आमचं शेवटचं बोलणं ते.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. आठवड्यातून दोनदा नांदेड, काचा खाली, नाक सारखं वास घेतंय. मांडीशी पाण्याचा कॅन. अंगणात उभ्या गाडीत, सुलभा झोपलेली असताना, तिच्या सीटचा पट्टा किती लवकर सुटतो ते मी पुन्हा पुन्हा करून बघायचो. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याकडे न्यायची होती की. नांदेडच्या बाजारात ही गाडी सगळे ओळखतात. कुणीही डबा उघडला असता आणि म्हणाला असता, बघा, दिगंबरनं स्वतःच डायरेक्ट केलंय. जन्मभर पाळलेली गोष्ट माझ्या एका ओरडण्यापायी त्यानं मोडली, आणि तेवढंच त्याच्यामागं उरलं असतं. ते मला सहन होणार नव्हतं.

मग एका सकाळी सुलभा म्हणाली, "काय तरी जळून राहिलंय का हो?" मी गाडी थांबवली, धावत जाऊन तिला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. ती गुडघ्यावर पडली. शेजारच्या शेतात कुणीतरी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या! मी तिथंच मातीत बसून सगळं सांगितलं... तारेचं, ओरडल्याचं, सगळं. तिनं गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाली, "त्येला कळलं असतं तुमी तीन आठवडे असे भीत फिरलात, तर जेवला नसता तो. काढा ती तार."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच लातूरला निघालो. तिथं दिगंबरला कुणी ओळखत नाही, एवढ्याचसाठी त्याच तारेवर शंभरेक किलोमीटर! डाळ मिलच्या मागं एक इलेक्ट्रिशियन भेटला, चाळिशीतला, बोलायला तिखट. डबा उघडला आणि तो माझ्यावर उखडलाच. "सर, कोन्या अडान्यानं केलं हे?"

"मी," म्हणालो. खोटं वाटलंच नाही. "मीच केलं."

त्यानं मला वरून खाली बघितलं. मग टॉर्च घेऊन नीट वाकला, चिमट्यानं तार बाहेर काढली, तळहातावर धरली. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे. आता आणखी काय ऐकायचं होतं कुणास ठाऊक. त्याचा आवाजच बदलला. "आयला... सर, हे डायरेक्ट नाही हो. वायर सोलून आतले दोनच पदर घेतलेत, केसासारखे. फ्यूजपेक्षा थोडं जास्त सोसतंय, पन लोड फार वाढला की हेच आदी वितळनार, गाडीला काय होत न्हाई. जुन्या लोकांचा फ्यूज हाय हा. मोजून बनवलाय." मग हसून म्हणाला, "माफ करा सर. तुमाला काम येतंय की!"

पाठमोरा वाकून दिगंबरनं हे केलं होतं तर. मी ओरडत असताना, बहिणीची धाप ऐकत, दोन पदर मोजून.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. त्यानं पाणी आणलं. पेला मी तसाच खाली ठेवला. "मी नाही," म्हणालो, "मला काही येत नाही. हे माझ्या मेहुण्यानं केलं. दिगंबर नाव त्याचं. नांदेडचा." आणि मग, तीन आठवड्यांनी, परक्या गावातल्या परक्या दुकानात, मला रडू आलं.