बाल्कनीतलं झाकण

"वाळवंटात कसली गो थंडी?" असं म्हणत आई राजापूरहून सुती लुगडी आणि एक जुनी शाल घेऊन कुवेतला आली. जानेवारीत जाब्रियातल्या आमच्या फ्लॅटभोवती वारा घुमायला लागला, तशी ती दिवसभर पांघरुणातून बाहेर पडेना. नव्वदीचं दशक तेव्हा संपत आलं होतं.

मला भाऊ नाही, म्हणजे आईला मुलगा नाही. ही उणीव कुवेतने भरून काढली, असं आम्ही समजत होतो. नवऱ्याच्या कंपनीत नाशिकचा एक इंजिनिअर होता, गॅसच्या कामातला. तो कुवेतला आल्यावर पहिल्याच भाऊबीजेला आमच्याकडे पाटावर बसला आणि मी त्याला ओवाळलं. तेव्हापासून मी त्याची ताई. आईला तर तो पहिल्या दिवसापासून सरळ 'आई'च म्हणायला लागला, आणि आई विरघळली.

ती कुडकुडताना पाहून तोच म्हणाला, "ताई, हॉलमध्ये गॅसची फायरप्लेस बसवून देतो. मोठ्या कुवेती घरांत असते तशी. आईंसाठी एवढं तरी करू द्या." महाराष्ट्र मंडळाच्या तिळगुळाला त्याने हे चारचौघांत जाहीरही केलं. लोकांनी वाहवा केली.

घरी आल्यावर नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "काम झालं की परवानावाल्या फिटरला एकदा दाखवू या का?" आणि मग स्वतःच म्हणाला, "नको, त्याला काय वाटेल?" परदेशात आपलं हे असंच. दुकानातलं दूध तारीख बघून घेऊ, पण आपल्या माणसाच्या कामावर बोट ठेवायचं म्हणजे महापाप! भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

काम मात्र दिसायला चोख होतं. सिलिंडर बाहेर बाल्कनीत, तिथून दाराच्या चौकटीतून आत तांब्याची नळी, बंद करायचा कॉक हाताशी. सांध्यांना साबणाचं पाणी लावून त्याने आईला दाखवलं, "बघा, एकही बुडबुडा नाही. म्हणजे गळती नाही." मग आम्हाला धडाही दिला. गॅस जळताना विषारी वायू होतो, त्याला ना रंग ना वास, म्हणून धुराड्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढावाच लागतो, नियमच आहे तसा. बाल्कनीच्या भिंतीवर बसवलेलं, त्या पाइपच्या तोंडावरचं स्टीलचं चकचकीत झाकणही दाखवलं. खोट्या लाकडांवर ज्वाळा नाचायला लागल्या, तेव्हा आईने कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

पुढे आई म्हणाली, बाल्कनीच्या दारातून वारा येतो. दुसऱ्या दिवशी हा फोमच्या पट्ट्या घेऊन हजर! गुडघ्यांवर बसून त्याने स्वतः सगळ्या फटी बुजवल्या. "ऊब टिकली पाहिजे, आई," म्हणाला.

मग आईचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी फायरप्लेससमोर बसली की मळमळायचं, सकाळी बाल्कनीत उन्हात बसली की बरं वाटायचं. आम्ही म्हटलं, पित्त असेल. आलेपाक देत राहिलो. एका संध्याकाळी ती खुर्चीतून उठायला गेली आणि तिथेच कोसळली. हाका मारल्या तरी ओ देईना. हॉस्पिटल जवळ होतं म्हणून वाचली. ऑक्सिजन लावता लावता डॉक्टरने विचारलं, "घर में हीटर कौन सा है?"

"गॅस का," नवरा म्हणाला, "लेकिन पाइप बाहर निकाला है."

"खुद देखा है?"

आम्ही दोघांनी फक्त झाकण पाहिलं होतं.

सकाळी घरी येऊन दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि फायरप्लेस थोडा वेळ पेटवली. मी बाल्कनीतल्या त्या झाकणावर हात ठेवला. आत ज्वाळा, बाहेर झाकण थंडगार. नवऱ्याने स्क्रू काढले, झाकण हातात आलं. मागे भोकच नव्हतं, अख्खी भिंत होती. पाइप आतल्या बाजूला प्लास्टरला टेकून संपला होता.

त्याला बोलावून घेतलं. झाकण पाहून त्याचा चेहरा पडला. "ताई, इमारतीच्या मालकाने भिंत फोडायला नाही म्हटलं."

"मग आम्हाला सांगायचं!"

"सगळ्यांना सांगून बसलो होतो. नाही जमलं असं कसं म्हणणार? वाटलं, तुमचं दार जरा उघडं असतंच."

"दाराच्या फटी कुणी बुजवल्या?"

अडाण्याने केलं असतं, तर मी कपाळाला हात लावून गप्प बसले असते. विषाचा धडा यानेच आम्हाला दिला होता. चारचौघांतली वाहवा राखायला याने माझ्या आईचा केसाने गळा कापला, आणि वर झाकणही लावलं. मी त्याला दार दाखवलं.

आई हॉस्पिटलमधून घरी आली आणि तिने पहिलं विचारलं, "माझ्या मुलाला कळवलंत का गो? घाबरा होईल तो." ती अजून धड उभी राहत नव्हती. मी म्हटलं, तो कामाला लांब गेलाय. फायरप्लेस बिघडली म्हणून काढली, असंही सांगितलं. थंडी ओसरल्यावर ती गावी परतली.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला पाट मांडला नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी मी लहानपणी ओवाळायचे. तशीच निरांजन घेऊन बाल्कनीत गेले. भिंतीवर झाकणाच्या स्क्रूंची भोकं तशीच होती. बारीकशी कोर बघून ओवाळत होते, तेवढ्यात आत फोन वाजला.

"ओवाळलंस ना गो?" आईने विचारलं.

"ओवाळलं."

"त्याला सांग, त्या थंडीत मी त्याच्यामुळे जगले."

"सांगते," मी म्हटलं.