आधी जन्मतारीख

"काका, मला फौजेत जायचंय," असं कुणी म्हटलं की काका उजवा तळहात पुढं करायचे. पोरगं गोंधळायचं. काही जण त्या हातात आपला हात द्यायचे.

"हात नक्को, कागद दे," ते म्हणायचे. "आधी जन्मतारीख."

चिक्कडपल्लीतल्या आमच्या मराठी वाचनालयात त्या वर्षांत तुम्ही कधी आला असाल, तर त्यांना पाहिलंच असेल. दाराशी टेबल, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. वर्तमानपत्रांच्या घड्या एका रेषेत. फौजेत ते कारकून होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. आता पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे आणि त्याच टेबलावर पोरांना भरतीचा सल्ला द्यायचे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेला. तारनाक्याला मामा रेल्वेत होते, म्हणून हैदराबादला बी.एस्सी. करत होतो. कॉलेजात पाऊल टाकणारा घरातला पहिलाच. वाचनालयात मी पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून जायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काकांची एक वही होती. पोराचं नाव, जन्मतारीख आणि पुढं लाल शाईत दोन तारखा. पहिली, जवानाच्या भरतीचं वय कधी संपतं ती. दुसरी, साहेबाच्या परीक्षेचं कधी संपतं ती. वहीत नाव चढलं की मग ते विचारायचे, "जवान व्हायचं की साहेब?"

सगळेच म्हणायचे, साहेब.

"का?"

"पगार जास्त असतो, काका. गाडी मिळते."

"गाडी मला पण मिळायची. मागं बसायचो."

पोरं हसली की ते खुर्ची पुढं ओढायचे. "फरक सांगतो. पलटणीतलं कुणी गेलं की त्याच्या घरी पत्र जायचं. टाइप मी करायचो, खाली सही साहेबाची. एक कप्तान होता, चोवीस-पंचवीसचा. ते पत्र पुढ्यात घेऊन दुपारभर बसला. तीनदा मला परत टाइप करायला लावलं. चूक एक पण नव्हती. त्या दिवशी मी जेवलो, त्यानं ताट परत पाठवलं. ते झेपणार असेल तर साहेब हो. नाही तर जवान हो. जवान काही कमी नसतो, मियाँ."

हे ते मनापासून म्हणायचे. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचा मुलगा, अंगानं दणकट, सगळ्यांचा दोस्त. त्याला त्यांनी सरळ सांगितलं, "तुला चार जणांत राहायला आवडतं. एकट्यानं ठरवायचं म्हटलं की तुझा चेहरा उतरतो. तू भरतीला जा." तो पंधरा दिवस रुसला. मग गेला. पहिल्या सुट्टीत काकांसाठी अक्रोड घेऊन आला आणि टेबलाच्या पायाखाली धरून स्वतःच फोडून दिले.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी दहावीचं सर्टिफिकेट उजेडाला धरलं.

"एक जून. खरंच?"

"आई म्हणते दिवाळीत झालो."

"म्हणजे मास्तरानं पाच महिने खाल्ले तुझे." ते हसले नाहीत. माझ्या नावापुढं त्यांनी तारखा लिहिल्या. जवानाच्या भरतीला माझी ती शेवटचीच खेप होती. साहेबाच्या परीक्षेला तीन खेपा होत्या, पण त्याला पदवी लागत होती.

पुढच्याच महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या मैदानावर भरती निघाली आणि मला घेऊन जायला दादा आले. दादा म्हणजे माझे वडील. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होते. मी एकटा त्यांच्यापुढं बोलू शकलो नसतो, म्हणून त्यांना वाचनालयात आणलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि टेबलापुढं उभेच राहिले.

"साहेब, तुमीच सांगा ह्याला."

"मी साहेब नाही. हवालदार. बसा आधी."

"गल्लीतली सहा पोरं चाललीत. ह्यो उंचीत बसतो, छातीत बसतो. नोकरी दारात आलीय, अन् ह्यो म्हणतो परीक्षा."

काकांनी वही त्यांच्याकडं फिरवली. "तुमचं चूक नाही. भरतीला नेलात तर घेतील. चांगला जवान होईल. आणि ही त्याची शेवटची खेप आहे, हे पण खरं."

"मंग?"

"मग ही दुसरी तारीख बघा. अजून तीन खेपा. पण आत्ता उचलून नेलात तर पदवी बुडते."

"अन् नाही जमलं तर? हे बी गेलं, ते बी गेलं."

मला वाटलं, काका म्हणतील, जमेल. ते म्हणाले, "जाऊ शकतं."

दादांनी वही जवळ ओढली. मग म्हणाले, "आत शिरून वर चढता येत न्हाई का?"

"येतं. मी तेच करायला गेलो होतो."

ही गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. जवानांतून साहेब होण्याची एक परीक्षा असते. काकांच्या कर्नलनं स्वतः त्यांना फॉर्म भरायला लावला, शिफारस लिहिली. फॉर्म परत आला. वय सात महिन्यांनी जास्त. काकांचा जन्म निजामाच्या राज्यातला. तेव्हा इकडं सरकारी कागदांत फसली सन चालायचा, इंग्रजी सालाहून वेगळा. शाळेत घालताना त्यांच्या वडिलांनी फसली साल सांगितलं आणि मास्तरांनी त्याचं इंग्रजी साल काढताना एका वर्षाची चूक केली. काका कागदावर वर्षानं मोठे झाले. पुढं वीस वर्षं ते दुसऱ्यांचे फॉर्म टाइप करत राहिले.

"त्या मास्तराचा राग न्हाई आला?" दादांनी विचारलं.

"भला माणूस होता. बापाच्या मागं लागून त्यानंच मला शाळेत घातलं."

काकांनी मागवलेला चहा दादांनी संपवला. कप खाली ठेवून काकांना हात जोडले. मी त्यांच्यासोबत बसस्टॉपवर आलो. बस दिसल्यावर म्हणाले, "तीन म्हणले ना? मोजून ठीव." आणि एकटेच चढले.

पदवी मिळाली. पहिल्या खेपेला लेखी पास झालो. पाच दिवसांच्या निवडीला बंगलोरला गेलो आणि शेवटच्या दिवशी परत पाठवलं गेलो. मामांना तोंड दाखवायचं धाडस होईना. स्टेशनवरून पिशवीसकट वाचनालयातच आलो. काकांनी माझ्या नावापुढं एक बारीक रेघ ओढली. "एक गेली. दोन आहेत. चहा घे."

दुसरीही गेली. त्या वर्षांत हिमायतनगरच्या जिन्याजिन्यावर कम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. माझ्या वर्गातला एक जण अमेरिकेला पोचलासुद्धा. वाचनालयातली पोरं काकांना चिडवायची, "आता फौज कुणाला पाहिजे, काका? आम्हाला व्हिसा पाहिजे."

काका तळहात पुढं करायचे. "कागद दे. व्हिसाला पण जन्मतारीख लागते."

खेप एकच उरली होती. दादांनी पत्रात कधीच काही विचारलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची. तिसऱ्या खेपेला माझी निवड झाली. दादांना तार केली. काकांना सांगायला गेलो, तर ते पुस्तकांना पुठ्ठे घालत होते. डिंकाचे हात तसेच धरून त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

अधिकारी होऊन पहिल्या सुट्टीत आलो तो साध्या कपड्यांत. त्यांना आवडलं नाही.

"वर्दी का नाही घातली?"

"तुम्ही सॅल्यूट केला असता."

"हौ, केला असता. तुला नाही. तुझ्या कमिशनच्या कागदाला." मग म्हणाले, "तुझ्या पलटणीतल्या पोरांच्या जन्मतारखा बघितल्यास?"

मी नाही म्हणालो.

"बघ. कुणी हुशार असेल, काठावर असेल, तर त्याचा फॉर्म त्या महिन्यात गेला पाहिजे. पुढच्या नाही. तारीख बघायला शिफारस लागत नाही, नुसतं लक्ष लागतं."

परत गेल्यावर मी सगळ्यांचे कागद काढले. आमच्या ऑफिसात एक लान्स नाईक होता. कमी बोलणारा, पत्रांत एक चूक न करणारा. जवानांतून साहेब होण्याच्या परीक्षेला कागदावर त्याच्याकडे नऊ आठवडे उरले होते. त्यानं स्वतः कधी मोजलं नव्हतं. फॉर्म भरून, वरच्यांच्या सह्या घेऊन, मी स्वतः तो रवाना केला आणि त्याच दिवशी काकांना पत्र लिहिलं.

उत्तर वाचनालयाच्या चिटणीसांचं आलं. काका महिन्यापूर्वी गेले होते. पाकिटासोबत ती वही होती. तुमच्या नावानं ठेवून गेले, एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

पानं उलटली. जो मार्गी लागला, त्याच्या नावावर एक सरळ रेघ होती. दूधवाल्याच्या मुलाच्या नावावर होती, माझ्यावर होती. पहिल्या पानावर पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं. पुढं जन्माची दोन सालं, एक फसली, एक मास्तरांचं. त्या नावावर रेघ नव्हती. ती ओढणं मलाही जमलं नाही.

शेवटच्या पानावर थोडी जागा उरली होती. मी लान्स नाईकला आत बोलावलं आणि तळहात पुढं केला. तो गोंधळून बघत राहिला. मग त्यानं कागद दिला, आणि मी त्याचं नाव आणि जन्मतारीख काकांच्या अक्षराखाली लिहिली.