नवरीच्या गाडीला लागलेली हळद

ताईचं लग्न आठवड्यावर आलेलं. सकाळी सकाळी बाबा तारेची घासणी आणि भांड्यांच्या साबणाची वडी घेऊन पार्किंगमध्ये निघालेले दिसले आणि मी त्यांच्या मागे अनवाणी धावले.

कारण मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी ताई फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "पाठवणीला आपली गाडी? फोटोत कशी दिसेल गं! यांच्या चुलतभावाची मोठी काळी गाडी आहे, तीच बरी." बाबा बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होते. त्यांनी आवाज वाढवला. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला की समजायचं, त्यांना सगळं ऐकू आलंय.

आमची गाडी पांढरी. म्हणजे कागदोपत्री पांढरी. खारघरमध्ये कायम कुठली ना कुठली इमारत उभी राहत असते, त्यामुळे आमच्याकडे धूळ हा ऋतू नाही, रहिवासी आहे. त्यात बाबा रोज ही गाडी रबाळ्याला कंपनीत नेतात, तिथे ती दिवसभर कारखान्यांच्या रांगेत उभी असते. संध्याकाळी परत येते तेव्हा तिचा रंग चहा गाळलेल्या फडक्याचा झालेला असतो. पण ती बाबांची पहिली गाडी. मोठ्या मुलीची पाठवणी आपल्या गाडीतून करायची, आपण स्वतः चालवायची, हे त्यांनी ताई कॉलेजात होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ताईला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"बाबा, घासणी खाली ठेवा!"

"का? डाग निघतात हिने. कढईचे निघतात, गाडीचे नाही निघणार?"

"कढईला रंग असतो का?"

त्यांनी घासणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझ्या आंदोलनात बापाची गाडी धुवायला परवानगी आहे ना?"

हा टोमणा होता आणि तो मला लागला. सोसायटीत पाइपने गाड्या धुण्याच्या विरोधात पत्रक मीच काढलं होतं. वरच्या मजल्यांवर नळाला करंगळीएवढी धार आणि खाली पिण्याचं पाणी टायरवर! हा राग मला तेव्हाही होता, आजही आहे, आणि पत्रकातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. सगळ्यात जास्त पाणी सेक्रेटरी काका वापरायचे. मी त्यांचं नाव लिहिलं नव्हतं. फक्त त्यांच्या गाडीचा रंग लिहिला होता. चॉकलेटी रंगाची गाडी आमच्या सोसायटीत एकच आहे.

"दोन बादल्यांत धुऊ," मी म्हणाले. "पाइप न लावता. आणि ओरखडा न काढता."

हे मी कुठे शिकले? मोबाइलवर, पत्रकाची तयारी करताना. विरोधकांचे मुद्दे आधी वाचून ठेवायचे, ही आमच्याकडची शिस्त. गाडी चमकवणाऱ्यांचे व्हिडिओ मी त्यांना उघडं पाडायला बघायला लागले आणि कबूल करते, थांबताच येईना. माणसं दरवाजाच्या मुठीखालची खाच साफ करतात आणि आपण श्वास रोखून बघत बसतो.

तर आधी नुसतं पाणी, वरून हलक्या हाताने सोडायचं. हात लावायचा नाही. धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती सुक्या फडक्याने पुसली की आपणच पॉलिशपेपर मारतो. बाबा तेच रोज मारत होते, अत्यंत प्रेमाने, गोल गोल. उन्हात तिरकं बघितलं तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसायची. मग एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. केसाळ हातमोजा शाम्पूत बुडवायचा, गाडीवर सरळ रेषेत फिरवायचा, दुसऱ्या बादलीत झटकून धुवायचा, मगच परत शाम्पूत. वरून खाली यायचं, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. सगळं सावलीत, पत्रा गार असताना.

आईने वरून जुनी साडी पाठवली, पुसायला. मी परत पाठवली, कारण तिला जर होती. आईने निरोप धाडला, "त्या साडीत मी हिच्या बारशाला बसले होते, गाडीला चालत नाही म्हणे!"

धुऊन झाल्यावर मी बाबांच्या हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवली आणि म्हटलं, आता बॉनेटवरून हात फिरवा. त्यांचा चेहरा बदलला. डोळ्याला स्वच्छ दिसणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागत होता. "हे काय?" "रबाळं," मी म्हणाले. लोखंडाचे बारीक कण, रंगात रुतून बसलेले. ते काढायला चिकणमातीसारखी एक वडी मिळते. साबणाच्या पाण्यावर ती हलकेच सरकवायची, दाबायची नाही. एका बाजूने काळी झाली की मळून उलटायची, आणि खाली पडली तर सरळ फेकून द्यायची, उचलून पुन्हा वापरायची नाही. बाबांकडून ती पहिल्या पाच मिनिटांत पडली. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, फुंकर मारली आणि हळूच पुन्हा हातात घेतली. मी ती काढून घेतली. निम्मी वडी कापून आधीच बाजूला ठेवली होती. मी बापाला ओळखते.

शेवटी पॉलिश, आणि त्यावर मेणाचा अगदी पातळ थर. त्यानंतर जे झालं त्याला मी तयार नव्हते. बाबा धर्मांतर केल्यासारखे बदलले. त्यांनी गाडीला पिलरशेजारी उभं केलं आणि तिच्याभोवती दोरी बांधली. मांजराला हाकलायला आईची जुनी छत्री खाली नेऊन ठेवली. कुरिअरवाला जरा वाकून आरशात भांग पाडायला लागला तर त्याला म्हणाले, "भाऊ, श्वास लांबून."

ताई खाली आली, एक चक्कर मारली. बॉनेटमध्ये तिचा चेहरा दिसत होता.

"बरी दिसतेय," ती म्हणाली.

"मग?" बाबा.

"बघू."

बाबांना तेवढं पुरलं. ते त्या दिवशी टीव्ही हळू आवाजात बघत होते.

हळद लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी, पार्किंगमध्येच होती. लग्नातल्या खर्चावर माझं वेगळं पत्रक आहे, ते इथे नको. मांडव गाडीच्या दोरीला लागून होता. सीवूड्सहून नवऱ्याकडची उष्टी हळद आली, तेलात कालवलेली, आणि साताऱ्याहून आलेल्या आत्याने कारभार हातात घेतला. आंब्याच्या पानांनी ताईच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना हळद लागली. मग पानं सुटली आणि हात आले. बायकांनी एकमेकींना माखलं. आईला माखलं. मला माखलं, मी निषेध नोंदवत असताना.

तेवढ्यात आत्याचं लक्ष गाडीकडे गेलं.

"अगं बया! ह्या गाडीतनंच पोरगी जानार न्हवं? मग हिला कोरडी का ठिवलीया?"

मी "आत्या, नाही!" म्हणेपर्यंत दोरीखालून वाकून आत्या आत. पाची बोटं, पूर्ण पंजा, बॉनेटच्या मधोमध. तिच्या मागून बाकीच्या सवाष्णी. कुणी दारावर, कुणी छतावर. एका काकूंनी चाकालाही लावली, चाक बिचारं का राहावं म्हणून.

बाबा जेवणाच्या खुर्च्या उतरवून घेऊन आले तेव्हा गाडी पिवळी झाली होती आणि भोवती फुगडी चालली होती.

ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त "अगं" म्हटलं, आईकडे बघून. त्या एका "अगं"ने आई घाबरली आणि कपड्यांच्या पावडरचं पाणी बादलीत करून आली. मला कळायच्या आत तिने ते बॉनेटवर ओतलं.

हळदीला साबण लागला की काय होतं हे मराठी घरातल्या पोराला सांगावं लागत नाही. आईलाही आयुष्यभर ठाऊक होतं. फक्त त्या क्षणी आठवलं नाही. पिवळे पंजे आमच्या डोळ्यांदेखत लाल झाले. लालभडक. पांढऱ्या पत्र्यावरून लाल ओघळ खाली आले. फुगडी थांबली.

"कुकू झालं!" आत्या म्हणाली. "लई शुभ!"

"ताई, आता तू जरा गप बसतेस का?" बाबा त्यांच्या मोठ्या बहिणीला आयुष्यात पहिल्यांदा असं बोलले असावेत, कारण आत्या खरंच गप्प बसली.

आमची ताई पाटावर, कपाळापासून पावलापर्यंत पिवळी. हातावर कोपरापर्यंत मेंदी. तिने गाडीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "माझा फोन दे. ती काळी गाडी येऊ दे म्हणून सांगते. बाबांना ताण नको."

बाबा एका उलट्या बादलीवर बसले होते. त्यांनी मान हलवली. "सांग," म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

मला कुठल्याही गाडीतून झालेल्या पाठवणीचं कौतुक नाही. पण ते "बरोबर आहे तुझं" माझ्याच्याने ऐकवलं नाही. मी ताईला फोन दिला नाही.

आधी साधं पाणी, भरपूर. हो, भरपूर, आणि मोजलं नाही. लाल गेलं, पुन्हा पिवळं आलं. मग गाडीचा शाम्पू, केसाळ मोजा, सरळ रेषा. छत सुटलं, दारं सुटली. मेणाने तिथे इमान राखलं होतं. पण बॉनेटवर पावडरने मेणच खाल्लं होतं आणि आत्याचा पंजा फिकट होऊन तिथेच बसला होता. बाबा उठले, फडकं घेऊन जोर लावायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं.

"दाबू नका. जुना रंग आहे, पातळ झालाय. डाग जाईल आणि खाली पत्रा दिसेल."

"मग काय करू? बघत बसू?"

आई हलक्या आवाजात म्हणाली, "हळदीची साडी उन्हात टाकली की डाग उडतो."

सगळ्या बायका एकदम "हो की!" म्हणाल्या. प्रत्येकीने आयुष्यात तेच केलं होतं. अडचण एकच. आमचं पार्किंग खांबांवरच्या इमारतीखाली, तिथे दिवसभर सावली. दुपारभर उघडं ऊन मिळणारी जागा अख्ख्या सोसायटीत एकच, आणि तिच्यावर एक चॉकलेटी गाडी उभी.

मी गेले. हळदीने माखलेली, ओल्या सलवारीत. काकांनी दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि चष्मा वर केला.

"आज काय, पिवळा मोर्चा?"

"काका, तुमची जागा हवी होती. संध्याकाळपर्यंत."

"कशाला?"

"गाडी उन्हात ठेवायचीय."

"म्हणजे धुतलीस?" त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "किती पाणी लागलं?"

मी खोटं बोलत नाही, हा माझा दोष आहे. "पुष्कळ."

"अगं मालू!" त्यांनी आत हाक मारली, बायकोला. मग जीभ चावून मला म्हणाले, "नको, राहू दे, लग्नघर आहे. पण मागणी लेखी हवी हं. रंगासकट."

"काका, ताईची पाठवणी आहे."

ते किल्ल्या घ्यायला वळलेच होते. खाली आले, स्वतःची गाडी काढली, सावलीत आमच्या पिलरशेजारी लावली आणि बाबांना हात दाखवत त्यांची गाडी मागे घ्यायला लावली, "येऊ द्या, येऊ द्या, बास." मग घरी जायच्या ऐवजी खुर्ची ओढून तिथेच बसले. बाबाही बसले. दोघांनी बॉनेटकडे बघत जिलेबी खाल्ली. पाइपचं भांडण माझं अजून मिटलेलं नाही, तेवढं सांगून ठेवते. त्यांनी आता पहाटे धुवायला सुरुवात केली आहे.

ऊन कलायला लागलं तेव्हा पंजा जवळजवळ गेला होता. करंगळी गेली, बाकीची बोटं गेली. अंगठ्याची एक पुसट सावली राहिली होती, शोधली तरच दिसणारी. बाबांना तीच दिसत होती. ते फडकं घेऊन तिच्यावर वाकले.

"राहू द्या, बाबा." ताई खाली आली होती, मेंदीच्या हातांनी ओढणी सावरत. "रंग जाईल."

"गेला तर जाऊ दे. तू थोडीच बसणार आहेस हिच्यात."

"मग काय, चालत जाऊ सीवूड्सला?"

बाबा वाकलेलेच राहिले. फडकं हातात. त्यांना वर बघायला थोडा वेळ लागला, आणि काकांनी तेवढ्या वेळात जिलेबीचं ताट उचलून उगाच दुसरीकडे नेलं.

मी त्या अंगठ्यावर पुन्हा पातळ मेण लावलं. फुलवाल्याला सांगितलं, चिकटपट्टी लावायची नाही, माळा दोऱ्याने दारात आणि आरशाला अडकवायच्या, आणि नावांची पाटी काचेवर. तो म्हणाला, असं कुणी करत नाही. बाबा म्हणाले, "आम्ही करतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलच्या दारात दोन्ही गाड्या उभ्या होत्या. चुलतभावाची काळी होतीच, नवऱ्याकडच्या मंडळींना घेऊन जायला. ताई सरळ आमच्या गाडीकडे आली आणि मागे बसली. आई रडत होती, आत्या रडत होती, मीसुद्धा, वैयक्तिक पातळीवर. फोटोग्राफर नवरदेवाला म्हणाला, "दादा, बसायच्या आधी गाडीला टेकून एक." भाऊजी टेकले. कमरेला शेल्यात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू.

सगळ्यांना वाटलं बाबा आता जावयाला काहीतरी सांगणार. लेकीला सांभाळा वगैरे. बाबा ड्रायव्हरच्या सीटवरून अर्धे बाहेर आले, डोळे भरलेले.

"जावईबापू," ते म्हणाले, "कट्यार पत्र्यापासून जरा लांब धरा."